बुरुजावरून पेठमाप

निघताना शशिकलानं सांगून ठेवलं होतं,
"वर पोचलात की घर शोधत बसू नका.
मी गच्चीवर ती लाल चादर टाकते वाळत.
तेवढी बघा, खाली घर असेलच."

गोवळकोटच्या पायऱ्या तशा फार नाहीत.
पण व्याह्यांना सपाटीची सवय;
सोलापुरात चढण म्हणजे फार तर
गिरणीच्या माडीवरचं सुताचं गोदाम.
दर दहा पायऱ्यांना मल्लिनाथराव थांबले,
आणि दम लागला असं न म्हणता
करवंदाच्या जाळीचं कौतुक करत राहिले.
मीही थांबलो. माझाही गुडघा
आता कौतुकाच्या वयाचा झालाय.

बुरुजावर गवत. एक तोफ कुशीवर,
जेवून आडवी झाल्यासारखी.
तिच्या तोंडात कुणीतरी चिप्सचं पाकीट
नीट घडी करून ठेवलेलं.
हिनं कुणाच्या गलबतांवर डोळा ठेवला,
त्यांनी विचारलं. मला धड सांगता आलं नाही.
मी नगरपालिकेत तीस वर्षं पाणीपट्टी लिहिली;
इतिहास आमच्याकडे थकबाकीच्या रकान्यात.

मग ते वळले, आणि नुसते
"आयला" म्हणाले.

खाली वाशिष्ठी. भरतीची वेळ,
त्यामुळे कुठल्या बाजूला वाहायचं
हे नदीचं नदीलाच ठरलेलं नव्हतं.
बेटं, खाजणं, वाळूच्या होड्या.
काठावर एक ओंडका; मी म्हटलं मगर,
ते नाही म्हणाले, तेवढ्यात ओंडका पाण्यात गेला.
पलीकडे परशुरामाचा डोंगर, रस्त्यासाठी कापलेला,
खरचटलेल्या कोपरासारखा लाल.
आणि मध्ये आमचं चिपळूण,
पाण्याच्या इतकं जवळ
की वरून बघणाऱ्याला वाटावं
कुणी आत्ताच उचलून काठावर ठेवलंय, निथळायला.

"ह्ये एवढं शांत पाणी," ते म्हणाले,
"ह्येच चढलं हुतं?"
मी म्हटलं, हेच.
आणि बोटानं दाखवायला लागलो:
तिथून, बाजारपेठ, एस.टी. स्टँड, तिथपर्यंत.
पण वरून बोट फार सहज फिरतं.
अख्खा पूर एका मनगटात मावला,
तेव्हा मी हात खिशात घातला.

घर सापडेना.
नवी सात मजली इमारत, तिच्यामागे टाक्या,
काळ्या, निळ्या, मग पत्रे, पुन्हा पत्रे.
ज्या छताखाली बत्तीस वर्षं झोपलो
ते ओळखू येऊ नये, याची
पाहुण्यांसमोर थोडी लाज वाटली.

तेवढ्यात लाल.
नखाएवढं. मग हललं.

ती चादर मी लांबून कधी पाहिली नव्हती.
त्या जुलैत मी तिच्या खालच्या टोकाशी होतो.
वरची दोन टोकं शशिकलाच्या हातात,
ती पाण्याच्या टाकीवर चढलेली
आणि चादर झटकत होती,
रोज सकाळी झटकते तशीच,
फक्त खाली उतरायला जिना उरला नव्हता.
दुपारपासून पार अंधारेपर्यंत.
गोवळकोटची पोरं होडी घेऊन आली,
त्यांतला इम्तियाज परकार म्हणाला,
"काका, तुमची चादर किल्ल्यावरून दिसली."
मला वाटलं, धीर द्यायला बोलतोय.

दिसते.

"आमचीच न्हवं ती?" मल्लिनाथराव
कपाळावर तळहात धरून उभे.
"लग्नात दिल्याली. मोराचा काठ."
चाळीस वर्षं मागाशी उभा राहिलेला माणूस
मैलभरावरून पोत पाहत होता.
"रंग गेला का वो?"

"नाही," मी म्हटलं. "पाण्यात राहिली, तरी नाही."

"पाण्यानं काय हुतंय? पक्का रंग हाय.
इहीणबाईंना म्हनावं, धुवा बिनघोर."

मी मान हलवली.
खाली कुणीतरी, म्हणजे शशिकलाच,
चादर दोरीवर उलटी करत होती,
दुसऱ्या बाजूलाही ऊन लागावं म्हणून.